सकाळचा पहिला ब्रेक आणि ट्रॅकवरचा पन्नासावा: दोन्हींसाठी एकच ब्रेक पॅड चालतो का?

समजा, तुम्ही सोनाळ्यात राहता. बुलडाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्याचं हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. वरच्या अंगाला अंबाबरवा अभयारण्य, म्हणजे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग. सकाळी गाडी काढून तुम्ही शेगावकडे निघता. रस्ता मोकळा, वेग ताशी ८० किलोमीटर. तेवढ्यात तुरीच्या शेतातून एक रोही उडी मारून थेट रस्त्यावर येतो.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेक अजून थंडच आहेत. चांगली पकड असेल, तर गाडी साधारण ३१ मीटरमध्ये थांबेल. पकड एक तृतीयांशानं कमी असेल, तर तेवढ्याच जोरानं पेडल दाबूनही ४६ मीटर लागतील. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथे ही दुसरी गाडी अजून ताशी ४६ किलोमीटरच्या वेगात असेल.

आता हीच गाडी घेऊन तुम्हाला 'ट्रॅक डे'ला जायचंय. म्हणजे शर्यत नाही. पैसे भरून रेसिंग सर्किटवर आपली स्वतःची गाडी मनसोक्त पळवायचा दिवस. कुणीतरी सांगतं, 'कंपनीचे पॅड ट्रॅकवर टिकत नाहीत, रेसिंगचे टाक.' सल्ला अर्धा खरा आहे. पण रोही आडवा येतो तो उरलेल्या अर्ध्यात.

ट्रॅकवर असं वेगळं काय होतं?

ब्रेक गाडीच्या वेगाची उष्णता करतात. १,२०० किलोची कार ताशी १६० वरून ६० वर आणली, तर साधारण १,००० किलोजूल उष्णता तयार होते. साडेतीन लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला पुरेल इतकी! आणि ही उष्णता तीन-चार सेकंदांत तयार होते, मुख्यतः पुढच्या दोन चाकांवर. पुढच्या वळणाला पुन्हा तेच. डिस्कला थंड व्हायला उसंतच मिळत नाही, आणि तिचं तापमान ५००-६०० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं. रोजच्या वापरात ते बहुतेक वेळा १००-२०० अंशांच्या आसपास राहतं.

बुलडाणेकरांना ब्रेक तापण्याचा अनुभव ट्रॅकशिवायही असतोच, कारण आख्खा जिल्हाच 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असा विभागलेला आहे. सोनाळा घाटाखाली, जिल्ह्याचं ठिकाण घाटावर. बोथा घाट किंवा राजूर घाट उतरताना करपल्याचा वास आलेले बरेच जण असतील. चार माणसांसह १,५०० किलोची गाडी ३०० मीटर उंची उतरली, तर एकूण सुमारे ४,४०० किलोजूल ऊर्जा मोकळी होते. ट्रॅकवरच्या एका वळणाच्या चौपट. पण ती दहा-पंधरा मिनिटांत विभागलेली असते, आणि खालच्या गिअरमध्ये उतरलात तर त्यातला मोठा वाटा इंजिन उचलतं. ट्रॅकवर हे भाग्य नाही. म्हणून 'माझे पॅड घाटात कधी दगा देत नाहीत, ट्रॅकवरही चालतील' हे गणित बरोबर नाही.

मग रेसिंगचे पॅड का नाहीत?

कारण पॅडला फक्त वरची मर्यादा नसते, खालचीही असते. पॅड म्हणजे राळ, धातूचे कण, तंतू, ग्राफाइट अशा अनेक पदार्थांचं दाबून-भाजून केलेलं मिश्रण. साध्या ऑरगॅनिक पॅडमधली राळ जास्त तापली की तिच्यातून वायू निघतात आणि पकड सुटते. रेसिंगचं मिश्रण ही उष्णता सोसतं, पण त्यातल्या काहींना १५०-२०० अंश तापल्याशिवाय पुरेशी पकडच येत नाही. रेसर पहिल्या लॅपमध्ये मुद्दाम ब्रेक तापवून घेतो. रोही तेवढं थांबत नाही. शिवाय हे पॅड किंचाळतात, काळी धूळ सोडतात आणि डिस्क लवकर खातात.

पाकिटावरचे आकडे इथे नीट वाचावे लागतात. बऱ्याच पॅडच्या कडेवर 'एफएफ', 'जीजी', 'एचएच' अशी अक्षरं असतात. पहिलं अक्षर साधारण तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५ आणि एच म्हणजे त्याहून जास्त. पण यातली गोम अशी, की ही चाचणी प्रयोगशाळेत पॅडच्या इंचभर तुकड्यावर होते, आणि तीही जास्तीत जास्त ३४३ अंशांपर्यंतच. त्यामुळे 'एचएच' दिसलं की पॅड ट्रॅकचा, असं मानू नका. साडेपाचशे अंशांवर तो काय करेल, याबद्दल ती अक्षरं गप्प आहेत. त्यासाठी कंपनीचा तापमान आणि घर्षणाचा आलेख बघावा लागतो. आणि आलेख बघताना आधी डावं टोक बघा, थंडीचं. सगळे उजव्या टोकाकडेच धावतात.

कारसाठी फेरोडो, ईबीसी, हॉक अशा कंपन्या 'रस्ता अधिक ट्रॅक' या मधल्या वर्गातले पॅड बनवतात. फेरोडोचा डीएस२५०० किंवा ईबीसीचा यलोस्टफ ही नावं ट्रॅकवाल्यांच्या गप्पांत हमखास येतात. रस्त्यासाठीच्या बदली पॅडना युरोपात 'आर९०' हा नियम आहे: मूळ पॅडच्या तुलनेत कामगिरीत १५ टक्क्यांहून जास्त फरक नको, कमीही नको आणि जास्तही नको. जास्त का नको? मागच्या चाकांची पकड पुढच्यांपेक्षा वाढली, तर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गरकन फिरते. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या कारना मागे ड्रमच असतो, तिथे हा तोल फक्त पुढचे पॅड बदलल्यानं हलतो. त्यामुळे एकदम टोकाचा पॅड टाकणं धोक्याचं.

बाइकवाल्यांचं काम त्यामानानं सोपं आहे. धातूची पूड भाजून बनवलेले सिंटर्ड पॅड थंडीत आणि पावसातही चांगले धरतात, आणि उष्णताही सोसतात. दीडशे ते चारशे सीसीची बाइक आणि नवखा रायडर असेल, तर रस्त्यासाठीचे चांगले सिंटर्ड पॅड दोन्हीकडे पुरतात. फक्त आपली डिस्क सिंटर्डला चालणारी आहे का, ते आधी विचारा.

पॅडच्या आधी ब्रेक ऑइल

माझ्या मते पहिल्या ट्रॅक डेला पैसे पॅडपेक्षा आधी इथे घालावेत. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो, ते हवेतलं पाणी शोषत राहतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये, असं मानक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की ही मर्यादा १५५ पर्यंत घसरते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दबते. मग पेडल सरळ खाली जातं. तीन वर्षं जुनं ऑइल आणि महागडे पॅड ही जोडी म्हणूनच फसवी आहे.

ट्रॅकवर काय बिघडलंय, ते पायालाच कळतं. पेडल मऊ लागून खाली जात असेल, तर ऑइल उकळलंय. पेडल दगडासारखं घट्ट लागतंय पण गाडी थांबत नाही, तर पॅडनं हात टेकलेत. दोन्ही वेळी उपाय एकच: वेग कमी करून बाहेर या.

पॅडची जाडीही बघा. पातळ पॅड उष्णता थेट कॅलिपरकडे आणि ऑइलकडे पोचवतो. रस्त्यावर ३ मिलिमीटरपर्यंत चालवणारे लोक आहेत. ट्रॅकवर जाताना निम्म्याहून जास्त पॅड शिल्लक हवा.

सोनाळ्याहून जाणाऱ्यानं काय निवडावं?

इथे भूगोल निर्णय घेतो. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट (इथेच २०११ ते २०१३ फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या), ही सगळी ठिकाणं सोनाळ्याहून हजार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब. सातपुडा ओलांडून इंदूरजवळच्या पिथमपूरला ११.३ किलोमीटरचा नॅट्रॅक्सचा ट्रॅक आहे, पण तो मुळात गाड्यांच्या चाचणीसाठीचा. म्हणजे ट्रॅकवरच्या दोन-तीन तासांसाठी तुम्ही दोन-अडीच हजार किलोमीटर रस्त्यावर असणार: ट्रक, बैलगाड्या, गतिरोधक, पाऊस.

एकच पॅड ठेवायचा असेल, तर तो रस्त्याचा ठेवा. मूळ कंपनीचा किंवा रस्त्यासाठी प्रमाणित असलेला वरच्या दर्जाचा. नवं ब्रेक ऑइल घाला आणि ट्रॅकवर सलग तीन-चार लॅपनंतर एक लॅप ब्रेक न लावता सावकाश फिरा. नवख्याला यात काही कमी पडत नाही. वर्षातून चार-पाच ट्रॅक डे होऊ लागले आणि पॅड हात टेकू लागले, की ट्रॅकचा वेगळा सेट घ्या आणि तो डिकीत घालून न्या. बऱ्याच गाड्यांचे पुढचे पॅड सराईत मेकॅनिक तासाभरात बदलतो. पॅड बिल घेऊनच विका घेणाऱ्या ओळखीच्या विक्रेत्याकडून घ्या, बाजारात नकली माल भरपूर आहे.

सेट बदलताना एक गोष्ट विसरली जाते. पॅड आपल्या पदार्थाचा पातळ थर डिस्कवर चढवतो आणि पकड बरीचशी त्या थरावरच असते. दुसऱ्या मिश्रणाचा पॅड लावला की तो थर नव्यानं बसवावा लागतो: मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता ब्रेक लावायचे, मध्ये थंड होऊ द्यायचे. नाहीतर थर कमी-जास्त बसतो, स्टिअरिंग थरथरतं आणि गॅरेजवाला 'डिस्क वाकली' म्हणून नवी डिस्क गळ्यात मारतो. ट्रॅकवरून आल्या आल्या तापलेल्या गाडीचं ब्रेक पेडल दाबून उभं राहिल्यानंही हाच डाग पडतो. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक तासाभरानं ओढा.