वारशाने आलेला संगणक

आमच्या निपाणीत वापरलेली वस्तू सहसा वाया जात नाही. थोरल्याचा सदरा धाकट्याला येतो, आजोबांचे घड्याळ नातवाच्या मनगटावर चालू राहते, आणि तंबाखूच्या वखारीतले जुने पोते शेवटी पायपुसणे होऊनच निवृत्त होते. परंतु एखादा संगणक आपल्याला वारशाने मिळेल, असे काही आम्हांस कधी वाटले नव्हते.

मागल्या दिवाळीत पुण्याहून पुतण्या आला, तो एक जुना लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून घेऊन. तो आमच्या कैलासवासी थोरल्या बंधूंचा. "काका, बाबा यावर शेवटपर्यंत काहीतरी लिहीत बसायचे. माझ्याकडे नुसता पडून आहे, तुमच्याकडे असू द्या," एवढेच तो म्हणाला. बंधू काय लिहीत होते याची आम्हांस अंधुक कल्पना होती. निपाणीतले बालपण, १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हाचे घरातले बोलणे, १९८१ चे तंबाखू आंदोलन, अशा आठवणी लिहिण्याचा त्यांचा मानस होता. मात्र लॅपटॉपचा पासवर्ड ते कोणास सांगून गेले नव्हते.

दुकानात नेला, तर "याला आता भंगारातच भाव," असे उत्तर मिळाले. त्यात तथ्य नव्हते असे नाही. यंत्रावर होती ती विंडोज ७. तिचे पाठबळ १४ जानेवारी २०२० रोजी संपले. तिच्या मागून आलेल्या विंडोज १० चे नेहमीचे पाठबळही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११ घालावी, तर तिला किमान चार गिगाबाइट रॅम हवी आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोयही हवी. ती बंधूंच्या यंत्रात कोठून असणार? म्हणजे पडदा चालतो, कळा चालतात, पंखा तर सोसाट्याने चालतो, आणि तरीही यंत्र कालबाह्य.

अखेर पुतण्यानेच लिनक्सचा मार्ग सुचविला. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी येथे लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या संगणकासाठी या प्रणालीचा गाभा लिहावयास घेतला. पुढे जगभरच्या हजारो हातांनी तो वाढविला. कोणीही तो विनामूल्य घ्यावा, बदलावा, वाटावा, अशी त्याची परवानगीच आहे. त्यावर उभ्या राहिलेल्या प्रणाली अनेक आहेत. आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाची एक काढली. आम्ही घेतली ती लिनक्स मिंट, आणि तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. दोन गिगाबाइट रॅम आणि डिस्कवर वीस गिगाबाइट जागा एवढ्यावर ती नांदते.

हिचा एक गुण वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावा. ती यंत्रात न बसविताही चालविता येते. पुतण्याने तिची प्रत एका पेनड्राइव्हवर उतरवून दिली होती. लॅपटॉप सुरू करताच एफ-१२ ही कळ दाबावयाची (काही यंत्रांत ती वेगळी असते) आणि येणाऱ्या यादीतून पेनड्राइव्ह निवडावयाचा. पडद्यावरून काही अगम्य ओळी झरझर गेल्या. आम्ही मनात म्हटले, संपले सारे! पण दोन-तीन मिनिटांत नवे दालन उघडले. पासवर्ड कोणी विचारला नाही.

यशाने माणूस उतावळा होतो. समोरच 'स्थापना करा' अशा अर्थाचे चिन्ह होते. ते दाबले, पुढे-पुढे करीत गेलो, आणि 'डिस्क पुसून स्थापना' या पर्यायावर येऊन थांबलो. बोट कळेवर होते. तेवढ्यात सौ. चहा घेऊन आल्या आणि सहज विचारत्या झाल्या, "अहो, भावोजींनी लिहिलेलं काढून घेतलंत ना आधी?"

आम्ही बोट उचलले. तो चहा गार झाला.

पेनड्राइव्हवरून सुरू झालेल्या लिनक्सला यंत्रातली जुनी डिस्कही दिसते. ती कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात साठविलेली नसेल, तर विंडोजच्या पासवर्डाविना तिच्यातले कागद वाचता येतात. (आपला लॅपटॉप दुसऱ्यास देताना हेही लक्षात असू द्यावे.) पुतण्याला आणि वहिनींना फोन करून त्यांची अनुमती घेतली आणि डिस्क उघडली. 'निपाणी' नावाची एकच फाईल होती. लिबरऑफिसमध्ये ती उघडली, तर सारी पाने इंग्रजी अक्षरांच्या निरर्थक गिचमिडीने भरलेली!

आम्हांस वाटले, फाईल बिघडली. बिघडली नव्हती. छापखान्यांत वर्षानुवर्षे वापरले गेलेले जुने देवनागरी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवीत. तो फॉन्ट यंत्रात असला तर मराठी दिसते, नसला तर ही गिचमीड. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असल्याने आता तसे होत नाही. बंधूंनी मात्र आपली जुनी सवय सोडली नव्हती. सुदैवाने तो फॉन्ट त्याच डिस्कवर, विंडोजच्या फॉन्टांच्या कप्प्यात होता. तो लिनक्समध्ये उतरवून घेतला, फाईल पुन्हा उघडली, आणि बंधूंचे पहिले वाक्य पडद्यावर उमटले. डिस्क पुसली असती, तर फाईलही गेली असती आणि तिची किल्लीही. दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर प्रती काढल्यावरच आम्ही लिनक्सची स्थापना केली.

आता ते सारे युनिकोडमध्ये आणण्याचे काम चालू आहे. रूपांतर करून देणारी साधने मिळतात, पण आम्हांस लाभले त्यात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जागा सोडून भटकत होत्या. म्हणून हातानेच टंकतो आहोत. त्यासाठी इन्स्क्रिप्ट कळफलक शिकलो. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजने. इंग्रजी के वर क, शिफ्ट धरून ख. हा कळफलक भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रमाण ठरविला, आणि त्यातली खरी मौज सीमाभागातल्या माणसालाच कळावी. मराठी क ज्या कळेवर, कन्नड क त्याच कळेवर. कन्नडातले ऱ्हस्व ए आणि ओ यांच्या कळा तेवढ्या निराळ्या. आमची नात शाळेचा कन्नड निबंध आणि आजोबांसाठी मराठी परिच्छेद त्याच बोटांनी टंकते, मध्ये फक्त भाषा बदलण्याची कळ दाबते. ज्या गावचे देवचंद महाविद्यालय सीमेपलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या अर्जुननगरात आहे, त्या गावाला असा कळफलक शोभतो खरा.

अडचणी नाहीत असे नाही. विंडोजसाठी केलेले हिशेबाचे किंवा छपाईचे प्रोग्रॅम येथे बहुधा चालत नाहीत. ज्यांचा व्यवसाय त्यांवर आहे त्यांनी आधी चौकशी करावी. आमच्या जुन्या प्रिंटरने तर तीन दिवस असहकार पुकारला होता.

वहिनी दर रविवारी फोनवर विचारतात, "कुठवर आलं?" आम्ही नवे टंकलेले पान त्यांना वाचून दाखवितो. सध्या बत्तिसाव्या पानावर आहोत. तेथे बंधूंनी आमच्याविषयी एक खोटी गोष्ट लिहिली आहे, विहिरीत चप्पल पडल्याची. चप्पल त्यांची होती. ती दुरुस्त करावी की तशीच ठेवावी, यावर घरात अद्याप एकमत झालेले नाही.