नाथ पैंचं अपुरं राहिलेलं विधेयक

मालवणहून चौकेमार्गे कसालच्या दिशेने निघालं की वाटेत कट्ट्याची बाजारपेठ लागते. इथल्या सेवांगणाला बॅरिस्टर नाथ पैंचं नाव आहे. त्यांचा विषय निघाला की कोकणातला माणूस त्यांच्या सभांबद्दल भरभरून बोलतो. ते साहजिकच आहे. पण त्यांच्यातल्या कायदेपंडिताने संसदेत केलेलं सर्वांत मोठं काम आपल्याकडे क्वचितच कुणी सांगतं, याची मला खंत वाटते.

वेंगुर्ल्यात १९२२ साली जन्मलेले नाथ बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले, पुढे लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले. युरोपातल्या समाजवादी तरुणांमध्ये वावरले, त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षही झाले. १९५७ साली प्रजा समाजवादी पक्षातर्फे राजापूरमधून लोकसभेत गेले आणि १९६२, १९६७ साली पुन्हा निवडून आले.

१९६७ ची मतमोजणी जेमतेम आटोपली होती. २७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. पंजाबातल्या जालंधरच्या एका कुटुंबाची जमीन कमाल धारणेच्या कायद्यात गेली होती, त्यावरून हा वाद. अकरा न्यायमूर्तींपैकी सहा विरुद्ध पाच अशा निसटत्या बहुमताने ठरलं, की यापुढे मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत हक्कच होता.

जालंधरच्या जमिनीचं कोकणाला काय, असं वाटेल. पण घटनेचं नववं परिशिष्ट उघडून पाहावं. न्यायालयीन आव्हानापासून वाचवण्यासाठी १९५१ साली त्यात घातलेल्या पहिल्या तेरा कायद्यांत मुंबई राज्याचा कूळकायदा आहे आणि खोती रद्द करणारा कायदाही आहे. खोताच्या जमिनीत राबलेल्या कुळांच्या मतांवर निवडून आलेल्या खासदाराला हा निकाल निव्वळ तात्त्विक वाटणं शक्यच नव्हतं. जुन्या दुरुस्त्या न्यायालयाने शाबूत ठेवल्या, पण पुढची वाट बंद केली.

नाथ पैंनी एप्रिल १९६७ मध्ये खासगी विधेयक मांडलं. घटनेचा कोणताही भाग, मूलभूत हक्कांसकट, दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे, हे अनुच्छेद ३६८ मध्ये स्पष्ट लिहावं, एवढीच त्याची मागणी. खासगी विधेयकांच्या वाट्याला शुक्रवारचे शेवटचे अडीच तास येतात आणि बहुतेक विधेयकं तिथेच विरतात. हे मात्र संयुक्त समितीपर्यंत गेलं, त्यावर देशभर वाद झाला. विरोधी बाकावरच्या एका समाजवाद्याने संसदेचा अधिकार वाढवायला निघावं, हे त्या काळी अनेकांना रुचलं नाही. उद्या बहुमताचं सरकार उलटलं तर नागरिकाला वाचवणार कोण, ही त्यांची शंका. ती खोटी नव्हती. १९७५ च्या आणीबाणीने ती खरी करून दाखवली. तरीही मला नाथ पैंची बाजू समजते. निवडून दिलेल्या सभागृहाला कूळ जाब विचारू शकतं, न्यायमूर्तींना नाही.

विधेयक मतदानापर्यंत पोचलं नाही. २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा विसर्जित झाली आणि त्याबरोबर तेही गेलं. सुमारे तीन आठवड्यांनी, १८ जानेवारी १९७१ ला बेळगावात नाथ पै गेले. वय अवघं ४८. मार्चच्या निवडणुकीत राजापूरने मधु दंडवत्यांना निवडून दिलं.

त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती केली. तिचा गाभा नाथ पैंच्या विधेयकाचाच होता. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली, गोलकनाथचा निकाल फिरवला. मात्र सात विरुद्ध सहा अशा बहुमताने हेही बजावलं, की घटनेच्या मूळ चौकटीला संसदेला हात लावता येणार नाही. नाथ पैंचं अर्धं म्हणणं मान्य झालं होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी लोकसभेत उभं राहून युक्तिवाद करायला ते नव्हते.