चिन आणि हनुवटी: आई-मूल नाही, चुलत भावंडं

‘इंग्लिशमधला अमुक शब्द आपल्या संस्कृतमधून गेला’ असे फॉरवर्ड फॅमिली ग्रुपवर येतच असतात. आज त्यातलं एक नातं तपासू: इंग्लिश ‘चिन’ आणि आपली ‘हनुवटी’.

साधारण अडीच हजार वर्षांपूर्वी डेन्मार्क आणि आसपासच्या भागात प्रोटो-जर्मॅनिक भाषा बोलली जायची. तिच्यात लिहिलेलं जवळजवळ काहीच उरलेलं नाही. तिच्या लेकींवरून मागे मागे जात शब्द शोधतात आणि अशा शब्दाआधी तारा लावतात. आमच्या भाषेत रिव्हर्स इंजिनिअरिंग! आपला शब्द असा: *किन्नुझ.

जर्मन आणि डच ‘किन’ म्हणजे हनुवटी. पण आइसलँडिक ‘किन’ म्हणजे चक्क गाल! चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलमध्येही दुसरा गाल पुढे करायला सांगताना हाच शब्द येतो. लॅटिन ‘जेना’ गालच, तर ग्रीक ‘गेनुस’ जबडा. संस्कृत ‘हनु’ सुद्धा मुळात जबडाच, त्यावरून हनुमान. म्हणजे शब्द एकच, फक्त चेहऱ्यावर जागा बदलत फिरलाय.

मग नातं ठरवायचं कसं? नुसत्या सारखेपणावरून नाही, नियमावरून. याकोब ग्रिमने (हो, परीकथावाला ग्रिम!) 1822 मध्ये हे नियम मांडले. त्यानुसार अनेक शब्दांत संस्कृत ‘ज’समोर जर्मॅनिक ‘क’ येतो. ‘आजानुबाहू’तला ‘जानु’ म्हणजे गुडघा, जर्मनमध्ये ‘क्नी’. इंग्लिश ‘नी’मध्ये तो ‘के’ अजून लिहितात, फक्त बोलत नाहीत. ‘जन’समोर ‘किन’, म्हणजे नातलग.

या हिशोबाने संस्कृतमध्ये ‘जनु’ हवा होता. आहे ‘हनु’! म्हणजे इथे नियमाबाहेर गेलंय ते संस्कृत. ‘हन्’, म्हणजे मारणे, या धातूची सावली पडली असावी असा एक तर्क आहे. मला तो पटतो. म्हणून ‘चिन’ हा ‘हनु’पासून निघालेला नाही, दोघांचा पूर्वज एकच, त्याहून खूप जुना.

आणि ‘किन’चा ‘चिन’ कसा झाला? जुन्या इंग्लिशमध्ये ‘इ’, ‘ए’च्या आधीचा ‘क’ हळूहळू ‘च’ झाला. नातलगवाला ‘किन’ मात्र सुटला, कारण तेव्हा त्यात ‘इ’ नव्हता, ‘उ’ होता.