शीग, कणगी आणि ताम्हिणीचा घाट

मुळशीत मळणी झाली की खळ्यावर आंबेमोहोराची रास लागते. तिच्यावर आणखी एक सूप भात ओता. टोक थोडं वर चढेल आणि मग एकदम घसरेल, उतार पुन्हा होता तेवढाच! प्रत्येक धान्याचा असा आपला उतार ठरलेला. पायलीवर शीग चढते तीही याच हिशेबाने. भाताची शीग तांदळापेक्षा उंच, कारण टरफल खरबरीत. आणि घसरताना अख्खी रास हलत नाही बरं का. वरचे मोजके थर पाण्यासारखे पळतात, आतलं भात जवळपास जागच्या जागी.

आता घरी करून बघा. निमुळत्या गळ्याच्या तांब्यात काठोकाठ तांदूळ भरा, आपटून दाबून बसवा, पळीचा लाकडी दांडा दोन-चारदा खोल खुपसा आणि उचला. पळीबरोबर तांब्याही वर! दाटून बसलेल्या दाण्यांना एकमेकांवरून सरकायचं तर आधी पसरावं लागतं. तांब्यात तेवढी जागा कुठली? मग ते दांडाच आवळून धरतात. दाण्यांचं हे फुगणं ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये मांडलं. समुद्रकिनारी ओल्या वाळूवर पाऊल टाकलं की भोवतालची वाळू क्षणभर कोरडी दिसते, ती यामुळेच.

डबा हलवला की कणी तळाला आणि अख्खे दाणे वर, हे प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे. धान्य साठवायच्या कणगीचं मात्र नवल वाटतं. पाणी जितकं उंच तितका तळावर दाब जास्त. धान्याचं तसं नाही, त्याचा बराच भार कुडावर जातो आणि ठरावीक उंचीनंतर तळावरचा दाब वाढतच नाही. जर्मन अभियंता यान्सेन यांनी १८९५ मध्ये हे गणित सोडवलं. तळाचं भोक दाण्याच्या पाच-सहापट रुंद नसेल, तर दाणे कमान करून स्वतःचीच वाट अडवतात.

ताम्हिणी घाटात दाण्यांच्या जागी माती, मुरूम आणि दगड असतात. जुलैच्या पावसात फटींत पाणी साचतं, भार पाण्यावर येतो आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. पुणे जिल्ह्यातलंच माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी असंच डोंगराखाली गेलं, सुमारे दीडशे माणसं गेली. भर पावसात धबधब्याच्या फोटोसाठी दरडीखाली गाडी थांबवू नका.