भिंतीआधीची वीज

अमेरिकेत एखादं रुग्णालय किंवा डेटा सेंटर बांधायचं ठरलं की मोकळ्या प्लॉटवर भिंतींच्या कितीतरी आधी वीज येते. क्रेन, पंप, वेल्डिंग यांना लागणारी ही तात्पुरती वीज मजल्यामागून मजला वर चढते आणि काम संपताना काढून टाकली जाते. म्हणजे एकाच इमारतीची वायरिंग दोनदा होते!

या दोन्ही वायरिंगचा हिशेब ज्याच्या डोक्यात असतो, तो इलेक्ट्रिकल सुपरिंटेंडंट. त्यातला फिरता सुपरिंटेंडंट कंपनीला जिथे काम मिळेल तिथे जातो, महिनोन्‌महिने हॉटेलात किंवा भाड्याच्या घरात भत्त्यावर राहतो आणि काम उरकलं की पुढच्या राज्याची वाट धरतो.

त्याची खरी कसोटी लागते ती काँक्रीट ओतण्याआधी. स्लॅबमध्ये कुठून पाइप जाणार, कुठे भोक ठेवायचं, हे आधीच ठरवावं लागतं. पुष्कळ स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबल दडलेल्या असतात. मागाहून ड्रिल मारताना त्यातली एक तुटली तर जीवावर बेतू शकतं. जी खोली अजून अस्तित्वातच नाही, तिच्या दिव्याची जागा त्याला आज नक्की करावी लागते.

मोठ्या इमारतींत तिथे 480 व्होल्टचा तीन फेजचा पुरवठा असतो. त्यातली एक फेज आणि न्यूट्रल घेतली की 277 व्होल्ट मिळतात, आणि ऑफिसातले दिवे बहुधा त्यावरच चालतात. व्होल्टेज जास्त म्हणजे तेवढ्याच कामाला करंट कमी, म्हणून तांबंही कमी. आपल्याकडच्या वायरमनला मात्र तिथे आधी रंग नव्याने शिकावे लागतील. आपल्याकडे काळी तार परंपरेने न्यूट्रल; तिथे न्यूट्रल सहसा पांढरी आणि काळी चक्क जिवंत!

चूक झाली तर काय होतं? पॅनलमध्ये आर्क पेटला की तापमान 19,000 अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं, सूर्याच्या पृष्ठभागाच्या तिपटीहून जास्त. म्हणून दुरुस्तीआधी सप्लाय बंद करून प्रत्येक कामगार स्विचवर स्वतःचं कुलूप घालतो, आणि त्याची किल्ली त्याच्याच खिशात राहते. चार जण काम करत असतील तर कुलपंही चार. शेवटचं निघेपर्यंत स्विच वर जात नाही, मग मालक कितीही घाई करो.

आणि नियम? विजेच्या कामाची राष्ट्रीय संहिता 1897 पासून आहे; आता तिची दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती निघते. पण कोणती आवृत्ती कधी लागू करायची, हे राज्यं किंवा शहरं ठरवतात. शिकागोत तर साध्या घरातल्या तारासुद्धा धातूच्या पाइपातून न्याव्या लागतात. लायसन्सही देशभर एकच नाही. इलेक्ट्रॉन सगळीकडे सारखेच वाहतात, पण त्यांना वाट करून देण्याचे कायदे गावोगाव बदलतात. म्हणून वीस-वीस वर्षं याच कामात घालवलेला माणूसही नव्या गावी पोचल्यावर नवशिक्यासारखा विचारतो, ‘‘इथे कोणत्या सालची आवृत्ती चालते?’’