खांदेरी : तटाआधी पाणी वाचा

जलदुर्गांवरचे लेख दिवाळी अंकांना नवे नाहीत. त्यातले बहुतेक सिंधुदुर्गापाशी सुरू होतात आणि सिंधुदुर्गापाशीच संपतात. १६६४ ची पायाभरणी, कुरटे बेट, ४८ एकरांचा विस्तार, दूधबाव-साखरबाव-दहीबावचं गोडं पाणी, हे सगळं वाचकांना पाठ आहे. ते पुन्हा उगाळत नाही. सिंधुदुर्गाचं थोरपण मला मान्यच आहे. पण बेटावरचा आरमारी तळ नेमका चालतो कसा, हे समजून घ्यायचं असेल तर मालवणला नव्हे, अलिबागजवळच्या थळला जावं लागतं. हे मी गेली कित्येक वर्षं लिहीत आलो आहे आणि अजून लिहिणार आहे.

बेटावरच्या तळाचा जीव तटात नसतो, तो मागच्या किनाऱ्यात असतो. धान्य, सरपण, दारूगोळा, माणसं, सगळं किनाऱ्यावरूनच यायचं. शिवाजी महाराजांनी सिद्दीच्या जंजिऱ्यासमोर कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला. त्या मोहिमेसाठी आरमाराचे सरदार दौलतखान आणि दर्यासारंग यांना रसद वेळेवर पोचवली नाही म्हणून प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला गेलेलं खरमरीत पत्र प्रसिद्ध आहे. ते पत्र राजाच्या रागाचा नमुना म्हणून वाचलं जातं. माझ्या लेखी ते आरमारशास्त्राचं पत्र आहे. एका सुभेदाराची दिरंगाई अख्खं बेट घालवू शकते, हे लिहिणाऱ्याला नेमकं ठाऊक होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आरमाराला स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजांच्या लाकडासाठी रयतेची आंबा-फणसाची झाडं परस्पर तोडू नयेत, हा दंडक तिथलाच. किनाऱ्यावरची रयत नाराज झाली की बेट सुटलंच.

आता खांदेरी. मुंबई बंदराच्या तोंडाच्या दक्षिणेला, थळच्या किनाऱ्यापासून पाचेक किलोमीटरवर दोन टेकड्यांचं हे बेट आहे. मुंबईत शिरणारं किंवा तिथून निघणारं गलबत इथल्या नजरेतून सुटत नसे. महाराजांनी १६७२ मध्ये इथे बांधकामाचा प्रयत्न केला, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आले. १६७९ च्या ऑगस्टअखेर महाराजांचा आरमारी सरदार मायनाक भंडारी दीडशे माणसं आणि चार तोफा घेऊन पुन्हा उतरला. वेळ पाहा. पावसाळा ओसरत आला होता, पण समुद्र निवळला नव्हता. इंग्रजांची शिडाची जहाजं अशा पाण्यात बेटाभोवती नेटानं नांगर टाकून राहू शकत नव्हती. सप्टेंबरात त्यांचा एक अधिकारी थॉर्प बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. तट अजून अर्धाच होता.

१८ ऑक्टोबरला पहाटे दौलतखान साठेक गलबतं घेऊन किनाऱ्याकडून निघाला. समोर इंग्रज कप्तान मिंचिन आणि केग्विन यांची आठ जहाजं. मराठ्यांची गलबतं वल्ह्यांवर इतक्या वेगानं अंगावर आली की इंग्रजांना नांगर उचलायलाही पुरता अवधी मिळाला नाही. अर्ध्या तासाच्या आत 'डव्ह' नावाच्या गुराबेनं निशाण उतरवलं. बाकीची जहाजं पांगली. एकटं 'रिव्हेंज' लढत राहिलं आणि शेवटी मराठी गलबतं नागावच्या खाडीत माघारी गेली.

इथे काही अभ्यासकांशी माझा जुना वाद आहे. मराठे पळाले, लढाई इंग्रजांनी जिंकली, असं ते अजून छापतात. इंग्रजी कागद इंग्रजांच्याच डोळ्यांनी वाचले की हेच हाती लागतं. जड जहाज उथळ पाण्यात शिरूच शकत नव्हतं, म्हणून गलबतं तिथे गेली.  तेव्हा 'रिव्हेंज' मैदान राखून राहिलं, पण मैदान म्हणजे उद्दिष्ट नव्हे. रसद रात्रीच्या अंधारात बेटावर पोचत राहिली आणि तट चढत राहिला. नोव्हेंबरात सिद्दी कासमचं आरमार येऊन मिळालं, बेटावर तोफांचा मारा झाला, तरी खांदेरी पडली नाही. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह करून अंग काढून घेतलं. ज्याला बेट हवं होतं, त्याला बेट मिळालं. याला पराभव म्हणणाऱ्यांनी विजयाची व्याख्या सांगावी.

पाण्याचं हे गणित मला कागदांच्या आधी थळच्या एका म्हाताऱ्या तांडेलानं शिकवलं. खांदेरी-उंदेरीच्या मधल्या पाण्यात त्यानं इंजिन बंद केलं आणि होडी ओहोटीवर सोडून दिली. होडी आपोआप एका बाजूला सरकू लागली. पाण्यावर फेसाची एक बारीक रेघ दिसत होती. बोटानं ती दाखवत तो म्हणाला, हिच्या खाली खडक आहे, उधाणाच्या दिवसांत हिच्या आत यायचं नाही, भांगाला चालतं. सकाळी मतलई धरून निघायचं आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतायचं, हा त्याचा हिशोब. मायनाकाच्या माणसांचं वेळापत्रक याहून वेगळं असेल, असं मला वाटत नाही. रात्री दिव्याविना रसद नेणारे याच गावांतले, याच पाण्यावर वाढलेले होते.

पुढची कथा थोडक्यात. सिद्दीनं १६८० च्या जानेवारीत शेजारची उंदेरी घेऊन तटबंदी केली आणि पुढची ऐंशी वर्षं दोन बेटं एकमेकांवर तोफा रोखून उभी राहिली. उंदेरी मराठ्यांकडे आली ती १७६० मध्ये. मधल्या काळात कान्होजी आंग्रे यांनी खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग एका दोरीत ओवले. १७१८ मध्ये मुंबईच्या गव्हर्नर बूननं खांदेरीवर मोहीम काढली आणि हात हलवत परतला. १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले, तेव्हा बाजीरावांची फौज जमिनीवरून आंग्र्यांच्या मदतीला उभी होती. बेट आणि किनारा एकत्र असले की काय होतं, याचा हा पुरावा. ते फाटले की काय होतं, याचा पुरावा १७५६ चा. पेशवे इंग्रजांच्या बाजूला गेले आणि विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्रे यांचं आरमार जळलं. आम्हीच आमचा किनारा शत्रूच्या हाती दिला. ही जखम अजून बुजलेली नाही आणि बुजूही नये.

१८४० मध्ये आंग्र्यांचं संस्थान खालसा झालं. १८६७ मध्ये खांदेरीवर दीपगृह आलं. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव मिळालं. नौदलानं १९६८ ला आणि पुन्हा २०१९ ला पाणबुडीला 'खांदेरी' नाव दिलं, हे योग्यच झालं. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत इतर अकरा किल्ल्यांबरोबर खांदेरी आली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

पण त्या यादीत उंदेरी नाही. थळ नाही, नागावची खाडी नाही. जोडीतलं एक बेट घेतलं, दुसरं वगळलं आणि ज्या किनाऱ्यानं दोघांना पोसलं त्याचा उल्लेखही नाही. आज येणारे लोक जेट्टीवर उतरतात, ठोकला की धातूसारखा वाजणारा दगड वाजवतात, गाड्यांवरच्या तोफांशेजारी फोटो काढतात, वेताळाला नमस्कार करून निघतात. नवे अभ्यासक ड्रोननं बुरूज मोजतात. बुरूज कुठे पळत नाहीत. पाण्याखालचे खडक, उधाण-भांगाचे मार्ग, वाऱ्याच्या वेळा, खाडीतली जुनी उतरण्याची ठिकाणं, हे ज्यांना तोंडपाठ आहे ती पिढी मात्र थळ, नागाव आणि वरसोलीत दर वर्षी कमी होते आहे. त्यांची नातवंडं जीपीएसवर चालतात. त्यांना दोष नाही, दोष विचारायला न गेलेल्या आम्हा लिहिणाऱ्यांचा आहे.

म्हणून मागणी साधी आहे. खांदेरी, उंदेरी, थळ आणि नागावची खाडी यांचा एकत्र अभ्यास व्हावा, तोही कोळ्यांना सोबत घेऊन आणि त्यांना पाहुणे न मानता. नौदलाचे जलसर्वेक्षक आणि थळचे तांडेल एका होडीत बसले, तर १६७९ चा तो वेढा आपल्याला पहिल्यांदाच नीट वाचता येईल. दगडांना सिमेंट थापण्याआधी हे काम झालं पाहिजे, कारण तट पुन्हा बांधता येतो, तांडेलाचं ज्ञान पुन्हा बांधता येत नाही.