पुनर्वापरयोग्य क्लास लायब्ररी : रचना, वापर आणि वारशाचा प्रश्न

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या व्याख्या आपले विद्यार्थी तोंडपाठ म्हणतात. परंतु गेल्या वर्षी लिहिलेला क्लास नव्या प्रोग्रॅममध्ये वापरा असे सांगितले, की जुनी फाइल उघडून त्यातील मजकूर कॉपी करतात. हा पुनर्वापर नव्हे. दहा ठिकाणी नक्कल झालेल्या आज्ञावलीत चूक सापडली तर ती दहा ठिकाणी दुरुस्त करावी लागते आणि एखादे ठिकाण हमखास राहून जाते.

परस्परसंबंधित क्लास तपासून, एकत्र बांधून इतरांच्या हाती दिलेला संच म्हणजे क्लास लायब्ररी होय. ही कल्पना जुनी आहे. ओले-योहान डाल व क्रिस्टन नीगॉर्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेतच याद्या हाताळण्यासाठी सिमसेट हा तयार क्लास दिलेला होता.

आपल्या परिचयाचे उदाहरण म्हणून जावा भाषेत ‘गुणपत्रक’ हा क्लास घेऊ. (क्लास म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बाके येतात, तो भाग वेगळा!) विषयवार गुण प्रायव्हेट ठेवावेत, एकूण गुण आणि टक्केवारी देणाऱ्या मेथड पब्लिक असाव्यात. टक्केवारी काढणाऱ्या मेथडने ती पडद्यावर छापू नये, केवळ उत्तर परत करावे. छापण्याची आज्ञा आतच लिहिली, तर हाच क्लास खिडक्या-बटणे असलेल्या प्रोग्रॅममध्ये कुचकामी ठरतो. तसेच उत्तीर्णतेचे ३५ गुण आत कोरून न ठेवता वापरणाऱ्याकडून घ्यावेत. दुसऱ्या परीक्षेचा नियम निराळा असू शकतो. मग क्लास पॅकेजमध्ये ठेवून कंपाइल करावा, जार फाइल बनवावी, नव्या प्रोग्रॅमच्या क्लासपाथमध्ये तिचा पत्ता द्यावा आणि इंपोर्ट करावे. एवढी कृती एका प्रात्यक्षिकात होते.

अवघड भाग यानंतरचा. लायब्ररी इतरांच्या हाती गेली की तिचा पब्लिक भाग म्हणजे दिलेला शब्द असतो. आतील गुण अ‍ॅरेमध्ये ठेवा की लिस्टमध्ये, वापरणाऱ्याला फरक पडत नाही. मात्र मेथडचे नाव वा अर्थ बदलला की त्याचा प्रोग्रॅम मोडतो. खुद्द जावाच्या निर्मात्यांनाही याची किंमत मोजावी लागली. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीतील डेट क्लासमध्ये वर्ष १९०० पासून आणि महिना शून्यापासून मोजला जाई. वर्ष म्हणून २००५ लिहिले तर ३९०५ साल मिळे. १९९७ मध्ये त्यातील बऱ्याच मेथड ‘डेप्रिकेटेड’, म्हणजे वापरू नयेत अशा, ठरविण्यात आल्या. समाधानकारक पर्याय मात्र २०१४ मध्ये जावा ८ सोबत आला. जुना क्लास तरीही काढता आला नाही, कारण असंख्य प्रोग्रॅम त्यावर उभे होते.

दुसरा दाखला इनहेरिटन्सचा. मराठीतील ‘वारसा’ आणि उर्दूतील ‘विरासत’ एकाच अरबी धातूपासून आले आहेत, आणि वारशात घराबरोबर घरावरचे कर्जही येते हे आपण जाणतो. जावातील स्टॅक क्लास व्हेक्टरचा वारस आहे. स्टॅकमध्ये शेवटी ठेवलेली वस्तू प्रथम निघावी. परंतु व्हेक्टरच्या सर्व पब्लिक मेथड वारशाने आल्यामुळे मधल्या कोणत्याही जागी वस्तू घुसविता येते. म्हणजे स्टॅकचा नियम स्टॅकलाच पाळता येत नाही! व्हेक्टर आत प्रायव्हेट ठेवून निवडक मेथड बाहेर दिल्या असत्या, तर हे टळले असते. जोशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’ (२००१) या पुस्तकात नेमकी हीच शिफारस केली आहे, आणि जावाची अधिकृत माहितीही आता स्टॅकऐवजी डेक वापरण्यास सुचविते.

आपल्याकडे इनहेरिटन्स वापरले की प्रात्यक्षिकात गुण मिळतात. ते कोठे टाळले, याचे मिळत नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या मते परीक्षकाने विद्यार्थ्याची जार फाइल शेजारच्या विद्यार्थ्याला द्यावी आणि मूळ आज्ञावली न दाखविता, केवळ लेखी माहितीवरून, ती वापरून दाखवावयास सांगावे. त्याला जमले तर गुण लायब्ररी लिहिणाऱ्याला द्यावेत.